पाच माणसांचा निवारा

भाड्याची खोली बघायला म्हणून मी गेले, तर घरमालकांनी मला माडीवर न्यायच्या आधी जमिनीखाली नेलं.

नव्वदच्या दशकाचा मध्य असेल. मी मूळची गडहिंग्लजची. कोल्हापुरातल्या एका हायस्कुलात नुकतीच विज्ञान शिकवायला लागले होते, आणि उद्यमनगराच्या मागच्या गल्लीत माडीवरची एक खोली रिकामी आहे असं कळलं होतं. दार उघडलं ते साठीच्या एका उंच, किडकिडीत गृहस्थांनी. अंगात बाह्यांचा बनियन, कानावर पेन्सिल आणि पायजम्याच्या खिशातून डोकावणारी स्टीलची फूटपट्टी. त्यांनी माझं आडनाव विचारलं नाही, घरी कोण कोण असतं हे विचारलं नाही. मला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "बाई, राग मानू नगासा. वजन किती तुमचं?"

मी इतकी गांगरले की खरं सांगून टाकलं. अठ्ठेचाळीस.

"ब्येस," ते म्हणाले. "हवा कमी लागंल. या."

परसात पेरूचं झाड होतं. त्याखाली जमिनीत एक लोखंडी झाकण होतं आणि झाकणावर मोटारीच्या स्टिअरिंगएवढं चाक. ते चाक त्यांनी दोन्ही हातांनी फिरवलं, झाकण उचललं आणि मला अकरा पायऱ्या उतरवून खाली नेलं. खाली दहा बाय आठची खोली होती, चुना मारलेली, गारेगार. एका भिंतीला सिमेंटचा लांबलचक कट्टा होता. त्यावर अठरा-अठरा इंचांवर रेघा आखून पाच जागा पाडल्या होत्या आणि त्यांना नंबर दिले होते. कोपऱ्यात पाण्याचे दोन माठ, चिवड्याचा डबा, गुळाची ढेप आणि कंदील.

"वरची खोली भाड्यानं," ते म्हणाले. "खालची फुकट. पन खालची लागंल तवाच."

गल्ली त्यांना मामा म्हणायची, मग मीही म्हणू लागले. मामा एका कारखान्यात लेथवर फोरमन होते. निवृत्त झाल्यावर माणसं तीर्थयात्रा करतात, नातवंडं खेळवतात. मामांना मूलबाळ नव्हतं. त्यांनी दीड वर्ष एकट्यानं परस खणला. बॉम्ब पडला, दंगल झाली, विषारी वायू सुटला, काहीही झालं तरी पाच माणसं चार दिवस खाली जगली पाहिजेत, असा त्यांचा हिशेब. ते त्याला निवारा म्हणत. गल्ली भुयार म्हणायची. मामी फक्त खड्डा म्हणायच्या.

कोणी हसलं की मामा चिडत नसत. शांतपणे म्हणत, "हसा, हसा. हसाय हवा लई लागती. खाली गेल्यावर मिळायचं न्हाई."

मामांना हवेचा नादच होता. कुणाच्या लग्नाला गेले तर अक्षता टाकायच्या आधी कार्यालयाची दारं मोजत. मी शाळेतून दमून आले की गाठून विचारत, "बाई, झोपलेल्या माणसाला हवा कमी लागती न्हवं? मग खाली समद्यांनी झोपायचंच का?" मी विज्ञानाची असल्यामुळे त्यांना माझ्याबद्दल उगाचच आदर होता. पहिल्याच महिन्यात मला दुसऱ्या नंबरची जागा मिळाली. भिंतीवर खडूनं लिहिलं गेलं: 'बाई'.

पहिल्या जागेवर मात्र लाल ऑइलपेंट होता. तिथं 'सौ.' एवढंच लिहिलेलं. ती जागा मामींची, ती पुसायची नव्हती. तिसरी आणि चौथी जागा आण्णांची. आण्णा म्हणजे शेजारचे गिरणीवाले. तरुणपणी तालमीत घुमलेले, आता कुस्ती सुटलेली पण खुराक तसाच राहिलेला. "आण्णांचं दोन धराय लागत्यात," मामा मला म्हणाले होते. पाचवी जागा फिरती होती. गल्लीतला जो नीट वागेल त्याचं नाव तिथं चढायचं. दूध घालणाऱ्या गवळ्याचं नाव महिन्यातून दोनदा चढायचं आणि दोनदा पुसलं जायचं, दूध कसं येतंय त्यावर.

आता गंमत अशी, की भुयाराला सगळ्यात मोठ्यानं हसायचे ते आण्णा. गिरणीत दळणाला आलेल्या प्रत्येकाला ते मामांची नक्कल करून दाखवत. पण मी पीठ न्यायला गेले की हळूच वाकून विचारत, "बाई, माझं नाव हाय न्हवं अजून?"

"आहे की. दोनदा आहे."

"न्हाई, सहज इचारलं," म्हणून आण्णा परत पट्टा चढवायला लागत.

निवाऱ्यातला साठा कधी टिकला नाही. भुयार बघायला लांबून लांबून माणसं यायची. एकदा इचलकरंजीहून यंत्रमागवाले आले होते, आठ जण. आलेल्या पावण्याला रिकाम्या तोंडी पाठवायचं कसं? मग मामा खाली नेऊन त्यांना माठातलं पाणी आणि डब्यातला चिवडा देत. चार दिवस पाच माणसांना पुरायचा चिवडा चार तासांत संपायचा. मामी वर नवा चिवडा परतायला घेत आणि कानडीत काहीतरी पुटपुटत. त्यांचं माहेर आमच्याच बाजूचं, सीमेलगतचं. त्यामुळे त्या पुटपुटत ते मला कळायचं. इथं लिहिण्यासारखं नाही.

हवेसाठी मामांनी एक लोखंडी नळी वर काढली होती. खाली तिला लोहाराच्या भट्टीवर असतो तसा हातानं फिरवायचा पंखा जोडला होता. पंखा फिरवला की वरची हवा नळीतून खाली. नळीचं वरचं तोंड कुणाच्या नजरेत येऊ नये म्हणून त्यांनी ते स्वयंपाकघराच्या खिडकीखाली काढलं होतं. एका उन्हाळ्यात मामा झाकण लावून तासभर आत बसण्याची चाचणी घेत होते. झाकण लावायला त्यांनी मला उभं केलं होतं. नेमक्या त्याच दिवशी वर मामींनी वर्षाच्या चटणीच्या मिरच्या भाजायला घेतल्या. तेलात चार किलो मिरची. आणि खाली मामा इमानेइतबारे पंखा फिरवत होते.

झाकणावर आतून जे धक्के बसायला लागले ते मी जन्मात विसरणार नाही. चाक फिरवेपर्यंत माझ्याही नाकाडोळ्यांतून पाणी. मामा वर आले ते चार पायांवर. गल्ली गोळा झाली. मामी पळी हातात घेऊन दारात आल्या, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "वायूचा हल्ला झाला व्हय?"

तेव्हा मी मामांना एक गोष्ट विचारली, जी खरं तर गल्लीतलं शेंबडं पोरही विचारायचं. "मामा, हे चाक झाकणाच्या बाहेरून का? आतून लावता यायला हवं ना? लपायचं आत आणि कुलूप बाहेर, हे कसं?"

मामांनी टॉवेलनं डोळे पुसले. "लावनारा लावंल की," म्हणाले.

इतका काटेकोर फोरमन आणि एवढी ढोबळ चूक, याची मला मौज वाटली. मी ती शिक्षकांच्या खोलीत मीठमसाला लावून सांगितली.

हे सगळं मामांनी का आरंभलं, ते मला आण्णांनी गिरणीत सांगितलं. मी येण्याच्या दोनेक वर्षं आधी एका दुपारी कोयनेकडचा हादरा बसला. मोठा नव्हता, फडताळातली भांडी वाजली तेवढाच. मामी जेवून आतल्या खोलीत पडल्या होत्या. मामा बोळात होते. तिथं त्यांची सायकल असायची. जुनी, उंच, काळी. तिची पितळी घंटी मामांनी स्वतः लेथवर घडवली होती आणि दर रविवारी चिंचेनं घासून लखलखीत करायचे.

"हादरा बसला तसा ह्या माणसानं खिळ्यावरची किल्ली घेतली," आण्णा सांगत होते आणि हसून त्यांचं पोट हलत होतं. "कुलूप काढलं, सायकल उचलली आन सुटला की. बरं, सुटला ते सुटला, घंटी वाजवत सुटला. गल्लीच्या तोंडाला जाऊन हुबा ऱ्हायला. समदी जमली. कोन तरी म्हटलं, मामा, मामी कुठं हायत? आन ह्येचं तोंड बघायसारखं झालतं. तवर मामी आल्या चालत, तोंडावर पदर फिरवत. म्हनत्यात कशा, सायकल घेऊन कुठं निघालासा?"

गल्लीला कायमचा खाऊ मिळाला होता. मामा दिसले की कोणीतरी ट्रिंग ट्रिंग करायचंच. मामी ओरडल्या नाहीत, रुसल्या नाहीत. फक्त बाजाराला निघताना एखादे वेळी म्हणायच्या, "मी जाऊन येतो. सायकलला जपा." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दलही येतो-जातो असंच म्हणतात. त्या एवढंच म्हणत आणि पिशवी घेऊन जात. मग पुढच्याच हिवाळ्यात मामांनी कुदळ आणली. भूकंपात माणसानं उघड्यावर यायचं असतं, जमिनीखाली नाही, असं त्यांना दहा जणांनी सांगितलं. मामा म्हणाले, "भूकंप तर हून गेला. आता बाकीच्याचं बघाय नको?"

पण ज्या माणसासाठी लाल ऑइलपेंट काढला होता, ते माणूस काही खाली उतरत नव्हतं. मामींचा कट्ट्यावरच राग होता. मामा-मामी लिंगायत. त्यांच्यात माणूस गेला की त्याला जाळत नाहीत, पुरतात, आणि आडवं नाही, बसवून. मामांनी बसायची उंची, पाठीचा उतार, सगळं फूटपट्टीनं मोजलं होतं. हे एवढं मात्र त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. काम पुरं झाल्यावर त्यांनी मोठ्या हौसेनं बायकोला बोलावलं. मामी चार पायऱ्या उतरल्या. जमिनीखालची पांढरी खोली, बसायला आखलेली जागा, त्यावर नंबर एक आणि 'सौ.' तिथूनच माघारी फिरल्या.

"आमच्यात गेल्यावर बसवत्यातच की बाई खाली," त्या मला लसूण सोलता सोलता म्हणाल्या. "ह्यांनी माझी जागा बी रंगवून ठेवली. जित्तेपनी जाऊन बसू व्हय त्यात? नंबर लागला म्हनून?"

मामा दर सणाला विनवायचे. "एकदा बस. नुसती बस. मग मी काय म्हननार न्हाई." मामी हातातलं काम सोडत नसत. मला तेव्हा यातलं फक्त हसू यायचं. आपल्या हातून झालेलं भरून काढायला माणसानं दहा फूट खणलं आणि समोरच्यानं त्यात पाय टाकला नाही, तर त्याला काय होत असेल, हे कळायचं माझं वय नव्हतं.

मग कारगिलचा उन्हाळा आला. टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ लढाई. शाळेला सुट्टी होती, पण मी काही कामासाठी थांबले होते. एका शनिवारी दुपारी चारच्या सुमाराला उद्यमनगरातल्या कुठल्याशा कारखान्याचा भोंगा झाला. भोंगा रोजचाच, पाळी सुटल्याचा. पण हा थांबेना. एक मिनिट, दोन मिनिटं, पाच मिनिटं. कुठंतरी काहीतरी अडकलं असणार, हे नंतर कळलं. त्या वेळी गल्लीला एवढंच कळलं की भोंगा थांबत नाही, आणि अख्ख्या गल्लीत जमिनीखाली जागा एकाच घरी आहे.

पाचेक वर्षं भुयाराला हसलेली सगळी माणसं आमच्या परसात आली. आण्णा सगळ्यांच्या पुढं, अंगावर पीठ तसंच.

ही मामांची वेळ होती. यादी खाली भिंतीवर होती, नंबर ठरलेले होते, हवा मोजलेली होती. त्यांनी फक्त नावं पुकारायची होती. पण दारात माणसं आली म्हटल्यावर त्यांच्या हातून ते होईना. झाकणापाशी ते लग्नघरच्या यजमानासारखे उभे राहिले. "या, या. आण्णा, आधी तुम्ही. वहिनी, पाय जपून, सातवी पायरी उंच हाय. गवळी, ये बाबा, लाजू नगं." गिरणीत दळण घेऊन आलेला एक अनोळखी माणूस मागं घुटमळत होता. मामांनी त्याचा दंड धरला. "पावणं, तुम्ही बी. असं परकं मानू नगासा."

मी माडीच्या जिन्यात उभी राहून मोजत होते. चौदा माणसं उतरली.

"बाई, चला. दोन नंबर तुमचा."

"मामा, तिथं आता उभं राहायला जागा नाही."

"मग जिन्याखाली बसा," ते म्हणाले. झाकण लावलं, चाक गच्च फिरवलं आणि तरातरा स्वयंपाकघरात गेले. मी जिन्याखाली टेकले. तिथून आतलं दिसत होतं.

मामी गॅससमोर उभ्या होत्या. मागं न बघता त्यांनी विचारलं, "किती आल्यात?"

"चौदा."

मामींनी पातेल्यात आणखी दोन तांबे पाणी ओतलं. "तुम्ही न्हाई गेलासा? जावा की. सायकल मी बघतो."

मामा उंबऱ्यावरच बसले. एवढा उंच माणूस, गुडघे छातीशी आले. भोंगा चालूच होता म्हणून मोठ्यानं बोलावं लागत होतं.

"त्या दिवशी मला सायकल आठवली," ते म्हणाले. "कुलूप आठवलं. किल्ली कुठल्या खिळ्याला हाय ते बी आठवलं. तू न्हाई आठवलीस. पस्तीस वर्सं संसार केला आन तू न्हाई आठवलीस. तवापास्नं जेवन गोड लागत न्हाई मला. त्येच्यासाठी खनलं हे समदं. आता तरी चल. मी पाया पडतो तुझ्या."

शेवटचं वाक्य त्यांनी ओरडून म्हटलं आणि ते मधे असतानाच भोंगा बंद पडला. सगळीकडे एकदम शांत झालं.

मामींनी गॅस बारीक केला. "पळालासा ते पळालासा," त्या म्हणाल्या. "घंटी वाजवत पळालासा न्हवं?"

मामांनी मान खाली घातली.

"त्या घंटीनं तर जाग आली मला. हादरा कुनाला कळला हुता? मी घोरत हुतो."

मामांनी वर बघितलं. "आन हे तू मला सा वर्सं सांगितलं न्हाईस?"

"इचारलं कुठं तुम्ही? गप खनत बसलासा." मामींनी कपबशा मांडायला घेतल्या. "म्हटलं खनू दे. घरात पायात पायात येत न्हाईत."

मामा हसले की रडले, मला जिन्याखालून कळलं नाही. माझे स्वतःचे डोळे भरून आले होते, एवढं मात्र खरं. मग ते एकदम ताडकन उठले. "अगं, चौदा मानसं."

"बसू द्या दोन मिंटं. चहा गाळू द्या."

झाकण उघडल्यावर माणसं घामानं निथळत, एकमेकांची कोपरं काढत वर आली. सगळ्यात शेवटी आण्णा, त्यांना दोघांनी ओढावं लागलं. नेहमीसारखा कोणी विनोद केला नाही. सगळे खाली बघत चहा घेत होते. आण्णांचे डोळे लाल होते.

"खाली धूर लई हुता," आण्णा म्हणाले.

"ग्यासवर केलाय चहा, आण्णा," मामी म्हणाल्या.

तेव्हा माझ्या ध्यानात आलं. नळीचं तोंड स्वयंपाकघराच्या खिडकीखाली होतं. वरचं सगळं बोलणं चौदा माणसांनी अंधारात उभं राहून ऐकलं होतं. त्या दिवसापासून आमच्या गल्लीत कोणी ट्रिंग ट्रिंग केलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामी केरसुणी घेऊन परसात गेल्या, झाकण उघडलं आणि सरळ खाली उतरल्या. मी धावत मागं गेले.

"मामी, तुम्ही खाली?"

"चौदा मानसं चपला घालून येऊन गेली, बाई. झाडाय नको?"

त्यांनी कोपऱ्यापासून झाडलं. माठाखालचं पुसलं. मग कंबर धरून कट्ट्यावर टेकल्या, नंबर एकवर. वर झाकणाशी मामा आले होते. त्यांना खाली यायचा धीर होईना. नुसतं वाकून बघत होते.

"गार हाय," मामी म्हणाल्या. मग मान वळवून भिंत वाचू लागल्या. सौ. बाई. आण्णा. आण्णा. गवळी. पुन्हा एकदा वाचलं. "आवं," त्यांनी वर हाक मारली, "तुमचं नाव कुठं हाय ह्यात?"

वर मामा झाकणावरची माती झटकायला लागले.

"आवं, तुम्हाला इचारतोय."

"दार लावाय कुनीतरी भाईर नको?" मामा म्हणाले.

मी झाकणावरच्या त्या चाकाकडे बघितलं. चार वर्षं रोज बघत होते. विज्ञानाची शिक्षिका असून मला पाचपर्यंत मोजता आलं नव्हतं. शिक्षकांच्या खोलीत मी जी चूक म्हणून सांगून हशा मिळवला होता, ती चूक नव्हतीच. मला माझीच लाज वाटली.

मामी पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. मग उठल्या आणि आण्णांचं एक नाव तळहातानं पुसून टाकलं.

"आण्णा बसतील अर्ध्या जागंवर," त्या म्हणाल्या. "बाई, खडू हाय काय?"

माझ्या पिशवीत खडू नेहमीच असायचा. मी आणून दिला तर त्यांनी माझ्याच हातात परत ठेवला. "तुम्ही लिवा. ह्यांचं नाव मी कसं घेऊ?"

"मग काय लिहू?"

"लिवा, सायकलवाले."

मी लिहिलं. वरून खाकरल्याचा आवाज आला, आणि मग पेरूखालून मामा निघून गेल्याची चाहूल.

पुढच्या रविवारी मी परसात गेले, तर झाकणावरचं चाक जागेवर नव्हतं. ते आतल्या बाजूला बसवलं होतं. खाली, माझी खडूची अक्षरं कुणीतरी लाल ऑइलपेंटनं गिरवली होती.